मुकूची जन्मवेळ

"अहो, त्याला खांद्यावर तरी घ्या. इथून त्याला नुसत्या लोकांच्या पाठी दिसतायत," ताराकाकू म्हणाली, आणि भाईकाकांनी खरोखरच मुकूला उचलून खांद्यावर बसवलं.

मी बघतच राहिलो. भाईकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ग्वाल्हेरचे नावाजलेले वकील. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि ते खोलीत आले की आम्ही पोरं आपोआप हळू बोलायला लागायचो. त्या माणसाच्या कोटावर माझा पाच वर्षांचा भाऊ धुळीने भरलेल्या बुटांनिशी बसला होता आणि त्यांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घालत होता. काका रागावले नाहीत. त्याचे दोन्ही पाय घट्ट धरून ते फाटकातल्या गर्दीत शिरले.

"पडेल हो तो!" काकू मागून ओरडली, पण तिच्या आवाजात काळजीपेक्षा आनंदच जास्त होता.

त्या हिवाळ्यात दिल्लीत जागतिक शेतकी प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशींचे मंडप, यंत्रं, गाई, कारंजी. आमच्या सरकारी क्वार्टर्समधली सगळी बिऱ्हाडं केव्हाच जाऊन आली होती आणि शाळेत माझ्याखेरीज एकही मुलगा प्रदर्शन न पाहिलेला उरला नव्हता. रोज मी नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागायचो. ते एका सरकारी खात्यात नकाशे काढायचे आणि रोज म्हणायचे, "भाई येणार आहेत, तेव्हा सगळेच जाऊ." भाई का येणार आहेत, ते मला त्याच दिवशी सकाळी बसमध्ये कळलं.

पुढच्या बाकावर काका-काकूंच्या मध्ये मुकू बसला होता. काकूने स्वतः विणलेला नवा निळा स्वेटर त्याच्या अंगात होता. मी नानांना विचारलं, "मुकूला उद्या ग्वाल्हेरला नेणार, मग मला का नाही?"

"तू थोरला," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "थोरला देत नाहीत."

"देत नाहीत म्हणजे?"

"दत्तक. भाईंना मूल नाही. मुकू आता त्यांचा मुलगा होणार. वसंतपंचमीला विधी आहे, पण उद्याच घेऊन जातायत, म्हणजे तोवर रुळेल." मग माझ्याकडे न बघताच त्यांनी माझा हात हातात घेतला. "भाईंनी मला वाढवलं, यशा. आमचे वडील गेले तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं."

मी दहा वर्षांचा होतो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं, की थोरला देत नाहीत. मग मुकूच्या निळ्या स्वेटरकडे लक्ष गेलं आणि मी नानांच्या हातातून हात सोडवून घेतला.

आईला कोणी विचारलं नव्हतं. नानांनी तिला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती, आणि ती निवडत राहिली. त्यानंतरचे काही दिवस ती कामापुरतंच बोलत होती. मुकूचे कपडे धुऊन, इस्त्री करून तिने एका पत्र्याच्या ट्रंकेत भरले. त्यातले काही पुन्हा काढले, पुन्हा भरले. प्रदर्शनाच्या सकाळीही ती पहाटे उठून पुऱ्या लाटत होती. तिला येताना बघून काकू म्हणाली होती, "कमल, तू नाही आलीस तरी चालेल हो. दमली असशील." आई म्हणाली, "येते ना. उद्यापासून आहेच आराम."

एका मंडपाबाहेर लाल रंगाचे ट्रॅक्टर ओळीने उभे होते. त्यांची चाकं माझ्या डोक्यापेक्षा उंच. भाईकाकांनी तिथल्या माणसाशी इंग्रजीत काहीतरी बोलून मुकूला वर बसवायची परवानगी मिळवली. मुकू चाक फिरवत तोंडाने भुर्रर्र करत होता. काका खाली उभे राहून त्याला विचारत होते, "कुठे चाललात, साहेब?"

"ग्वाल्हेरला!"

काकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा टोपी घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला आजही त्या माणसाचा राग करता येत नाही. त्यांना नुसता वंश चालवायला मुलगा हवा होता असं कोणी म्हणालं, तर मी भांडेन. त्यांना भुर्रर्र करणारा मुलगा हवा होता.

"यशवंत, तूही बस की," ते मला म्हणाले. मी नको म्हणालो. खरं तर मला फार बसायचं होतं.

नाना आमच्या बरेच मागे, हात पाठीशी बांधून, कशाकडेही न बघता चालत होते. आई त्यांच्याही मागे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

दुपारी हिरवळीवर सतरंजी टाकून आम्ही जेवायला बसलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. काकूने मुकूला मांडीवर घेतलं आणि ती त्याला घास भरवू लागली. मुकूला भरवून घ्यायची सवय नव्हती, पण कोणी लाड करत असेल तर तो कशाला नको म्हणेल?

"हा मला काय म्हणेल गं, कमल?" काकूने विचारलं. "आई म्हणायला नाही लावायची मी. आई तूच. मला माई म्हणू दे. चालेल ना?"

"चालेल," आई म्हणाली.

"मी याला तुझ्याकडे पाठवीन. उन्हाळ्यात, दिवाळीत. तुझा मुलगा मी तोडून नेत नाहीये गं." लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेली बाई. नवस, औषधं, मुंबईचे डॉक्टर, सगळं होऊन गेलेलं. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईने तो बाजूला केला नाही, पण त्यावर आपला हातही ठेवला नाही.

मग काकू डोळे पुसत म्हणाली, "आणि हो, विसरेन मी. याची जन्मवेळ सांगून ठेव. आमच्या गुरुजींना मुहूर्त काढायचाय. यांचा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, म्हणून पत्रिका वगैरे काही मागितली नाही आम्ही. पण मुहूर्तापुरती वेळ लागेल म्हणतात."

आई लोणच्याची बाटली बंद करत होती. ती थांबली.

"आठवून सांगते," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच होतो. डबे भरून आम्ही निघालो, तेव्हा तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. एक बोट संपलं की दुसरं. मला वाटलं, ती जप करतेय. पण ती जप करणारी बाई नव्हती. तिचे वडील, आमचे पेणचे आजोबा, पंचांगात रमणारे गृहस्थ होते. तिथीनक्षत्रं त्यांच्या घरात पोरीबाळींनासुद्धा तोंडपाठ असायची. ती नक्षत्रं मोजत होती, हे मला फार पुढे समजलं.

पुढच्या मंडपात काचेची मोठी पेटी होती. आत दिवे, आणि दिव्यांखाली शेकडो अंडी. थोड्या थोड्या वेळाने एखादं अंडं हलायचं, तडा जायचा, आणि आतून ओलं, केविलवाणं पिल्लू धडपडत बाहेर यायचं. बाहेर माणसांची ही गर्दी. कोणी बोललं तरी कुजबुजत.

नाना आणि काका मुकूला घेऊन शेजारच्या मंडपात दूध प्यायला गेले होते. तिथे कागदी पेल्यातून दूध देतात हे मुकूला कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याला तो पेला हवा होता. काचेपाशी काकू, आई आणि मी, तिघंच होतो.

"वर कोंबडी नाही, काही नाही," काकू म्हणाली. "तरी जन्मतंय बघ." तिने काचेला तळहात लावला.

"ताई," आई म्हणाली, "जन्मवेळेचं तुम्ही विचारलंत. मला खोटं सांगवत नाही."

"म्हणजे?"

"पत्रिकेत पहाटेची वेळ आहे. ती माझ्या वडिलांनी घातलेली. मुकू आदल्या संध्याकाळी झाला, दिवेलागणीला." आई काचेतल्या अंड्यांकडेच बघत होती. "मूळ नक्षत्रावर."

काकूचा हात काचेवरून खाली आला.

मूळ म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. आमच्या शेजारच्या बायका एखाद्या मुलाबद्दल तसं कुजबुजायच्या. मूळ नक्षत्रावरचं मूल बापाला वाईट. कुठला चरण, कुठली घटका, काकूने काहीच विचारलं नाही. तेवढा एक शब्द तिला पुरेसा होता.

"पण आई," मी म्हणालो, "पेणला आजोबांनी मला उठवून बाळ दाखवलं, तेव्हा सकाळ होती ना? दूधवाला आला होता."

आई माझ्याकडे वळली. रागाने नाही. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "हो रे राजा. तुला सकाळी दाखवलं. संध्याकाळी तू जेवून झोपून गेला होतास."

हे काही चुकीचं नव्हतं. मी बाळ पाहिलं ते सकाळी. ते केव्हा जन्मलं, ते मला कुठे माहीत? मी मान हलवली. काकूने माझी हललेली मान पाहिली.

"आणि शांत? नक्षत्राची शांत केली होती ना?"

"नाही केली. केली असती तर गावभर झालं असतं. बापाने तोंड बघायचं नाही, म्हणून यांना मात्र महिनाभर येऊ दिलं नाही. रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांगितलं."

नाना महिन्याने आले होते, हे खरं होतं. रजा मिळाली नव्हती, हेही खरं होतं. तिने सगळे खरे तुकडे जोडून एक सदरा शिवला होता, आणि तो काकूच्या मापाचा होता.

"पण भाऊजी तर धडधाकट आहेत," काकू म्हणाली. ती आशेने म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं.

"दोन वर्षांमागचा टायफॉइड विसरलात? डॉक्टरांनी हात टेकले होते. कसे वाचले, ते माझं मला ठाऊक." आईचा आवाज आता खरोखरच कापत होता. त्या टायफॉइडमध्ये ती एकटी रात्र रात्र नानांच्या उशाशी बसली होती. "ते वाचले, ताई. पण दत्तक घेतल्यावर बाप कोण होणार? मी तुम्हाला न सांगता मूल दिलं आणि उद्या भाईंना काही झालं, तर मी कुठल्या नरकात जाऊ?"

काकू मटकन तिथल्या लोखंडी कठड्यावर बसली. लोक बघायला लागले. तेवढ्यात समोरून तिघं आले. मुकूच्या ओठांवर दुधाची मिशी होती आणि रिकामा पेला त्याने छातीशी धरला होता.

"काय झालं? चक्कर आली का?" काका धावले.

काकूने त्यांना सांगितलं. हुंदके देत, अर्धं अर्धं. काका ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा वकिलाचा झाला.

"थोतांड आहे हे! मी मानत नाही," ते म्हणाले. मग नानांकडे वळले. "मनोहर, तुला माहीत होतं हे?"

नानांनी आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली नाही. इतक्या दिवसांत ती दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ बघत होती. मुकू माझ्या हाताला झोंबून म्हणत होता, "दादा, मला ते पिल्लू हवं."

"मला तार सकाळी मिळाली," नाना म्हणाले. "जन्म केव्हाचा, ते तिलाच ठाऊक, भाई."

"मग झालं तर. कसलं मूळ न कसलं काय! शांत करायची तर आता करू."

"पाच वर्षांनी?" काकू म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. "तुम्ही नका मानू. पण मला मानावं लागतं. उद्या तुम्हाला नुसता खोकला झाला, तरी मी या पोराच्या तोंडाकडे बघेन. आणि माझ्या मनात काय येईल? सांगा ना, काय येईल? मला याच्यावर माया करता येणार नाही हो. भीतीच वाटेल मला याची. असं नाही मूल वाढवायचं."

काकांनी वाकून मुकूच्या ओठांवरचं दूध आपल्या रुमालाने पुसलं, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्यानंतर आम्ही काही पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये काका-काकू पुढे बसले होते, दोघंच. मुकू आईच्या मांडीवर झोपला होता. तिने त्याला इतकं घट्ट धरलं होतं, की झोपेतही तो चुळबुळत होता. शेवटी आईचे खांदे हलायला लागले. ती रडत नव्हती, हसत होती. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता.

नाना तिच्याकडे झुकले. "भाईंना वाचवलंस," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आता पाळी माझी." त्यांनाही हसू आवरत नव्हतं. नाना फारशी थट्टा करणारे नव्हते. त्या दिवशी केली.

"अभद्र बोलू नका," आई म्हणाली, आणि पुन्हा हसली.

माझ्या आठवणीत आई-वडील इतके आनंदात दुसऱ्या कुठल्या दिवशी नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका-काकू एकटेच ग्वाल्हेरला गेले. स्वेटर काकूने परत घेतला नाही. स्टेशनवर तिने मुकूची पापी घेतली नाही, लांबूनच त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

त्याच वर्षी भाद्रपदात नानांना कावीळ झाली. आधी डोळे पिवळे, मग नखं. शेजाऱ्यांनी कोणी मुळी आणून दिली, कोणी मंतरलेलं पाणी. हॉस्पिटलात नेलं तेव्हा ते माणसं ओळखत नव्हते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. चाळीसही नव्हते.

तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलं होतं. बायका आत, पुरुष बाहेर. मुकू कोपऱ्यात बसून लाडू खात होता. त्याच्याकडे बघून कोणीतरी चुकचुकलं, आणि दुसरी कोणी हलकेच म्हणाली, "लेकराचा काय दोष. नक्षत्रच तसं." ग्वाल्हेरहून ती गोष्ट सगळीकडे पोचली होती.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम उठली.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं. "मुकू पहाटेच झाला. मूळ नव्हतं. तो मला द्यायचा नव्हता, म्हणून मी ताईंशी खोटं बोलले. हे यांनाही ठाऊक होतं."

काकू उठली, आईजवळ आली आणि तिने तिला कुशीत घेतलं.

"कमल, अगं कशाला आता? त्या पोराला कोणी काही म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही."

"ताई, खरंच सांगते. देवाशप्पथ. वाटलं तर..." आई थांबली. कोणाला विचारा म्हणणार होती ती? आजोबा दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आजी त्याच्याही आधी. नाना तर समोर फोटोत होते.

"समजतं मला," काकू म्हणाली. "आईचं काळीज आहे. पण तू त्या दिवशी खरं सांगितलंस, म्हणून माझं कुंकू राहिलं. तुझं गेलं." आणि ती मोठी जाऊ, चाळिशी ओलांडलेली बाई, सगळ्यांदेखत खाली वाकली आणि तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

आई तशीच उभी राहिली. तिला पाय मागे घेता आले नाहीत.

मुकूने लाडू खाली ठेवला होता. तो सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही पेणला मामांकडे आलो. मामा भला माणूस; मुकूच्या जन्माच्या वेळी मात्र तो नोकरीपायी बाहेरगावी होता. भाईकाका आमच्या शिक्षणाकडे बघत राहिले, मुकूच्या अधिकच. पण ते त्याला कधी ग्वाल्हेरला ये म्हणाले नाहीत. मुकू आता सत्तरी ओलांडलेला आहे. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतो, "जमलं नाही रे." तो चांगला शिकला, चांगल्या नोकरीत होता, माणसांत रमतो. फक्त कोणाचं तान्हं मूल असलं, की काही तरी निमित्त काढून उठतो.

पेणला गेल्यावर आई बदलली. एकदा तिने मला बरोबर घेऊन गावाबाहेरच्या वस्तीत एका म्हाताऱ्या सुईणीचं घर शोधलं. मुकूच्या वेळी तीच होती. म्हातारी दारात सुपारी कातरत बसली होती.

"मावशी, माझा धाकटा पहाटेच झाला होता ना गं?" आईने विचारलं.

"मना काय म्हाईत, बाय? किती पोरां काढली या हातांनी." म्हातारीने आठवायचा प्रयत्न केला. "दिवा व्हता, येवढा आठावतं. मी दिव्याजवल नाल कापली."

पहाटेही दिवा लागतो. मी येताना वाटेत आईला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "हो, लागतो." मग ती भराभर चालू लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी शाळेतून आलो, तर मागच्या पडवीत गुरुजी बसले होते. चौरंग, कलश, दर्भ, समिधा. मुकूला न्हाऊ घालून नवा सदरा घातला होता. मी आईला आत माजघरात गाठलं.

"हे काय आहे?"

"शांत करतेय. मुकूची."

"तू खोटं बोलली होतीस ना?"

"हो."

"मग?"

ती तांदूळ निवडून ताटात घेत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलले तेव्हा खोटं होतं, यशा. आता मला सांगता येत नाही. मी रोज आठवून बघते. कधी वाटतं बाहेर उजाडत होतं, कधी वाटतं अंधारून येत होतं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तो जवळ आला की मला भीती वाटते रे. माझं पोर, आणि मला त्याची भीती वाटते."

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि मी ते बाहेर नेलं.

होम झाला. शेवटी गुरुजींनी काशाच्या वाडग्यात तेल ओतलं. "बापाने मुलाचं तोंड आधी या तेलात बघायचं, मग प्रत्यक्ष," ते म्हणाले. "बाप नाही, तेव्हा थोरला भाऊ बापाच्या जागी. बस बाळ इथे. मागे वळायचं नाही. हा तुझ्या खांद्यावरून वाकेल."

मी बसलो. मागून मुकूला आणून उभं केलं. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"दादा नानांच्या जागी?" त्याने गुरुजींना विचारलं.

"हो. वाक आता पुढे. दिसू दे त्याला तोंड."

मुकू हलला नाही. मामांनी त्याला मागून दामटलं, तेव्हा तो माझ्या खांद्यावर वाकला.

"दादा, नको ना बघू," तो माझ्या कानात म्हणाला. "तू नको मरू."

"बघ, बघ लवकर," गुरुजी म्हणाले.

मी वाडग्यात पाहिलं. मुकूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला तेलात त्याची बोटं तेवढी दिसली.